ढाप्याखालचा देव

लग्नाच्या वेळी माझी फार पंचाईत झाली होती. मुलगी नोकरीला आहे म्हटलं की पाहुणे खूश व्हायचे. पालिकेत आहे म्हटलं की ती खुशी जरा वेळ टिकायची. मग ‘काम काय करते?’ असा प्रश्न यायचा आणि आमचे दादा, म्हणजे माझे वडील, सरळ ‘गटारी बघते’ म्हणून मोकळे व्हायचे. देगलूरकडचे शेतकरी ते. ‘स्वच्छता निरीक्षक’ एवढं लांबलचक म्हणायचा त्यांना कंटाळा. शेवटी ज्या गृहस्थांनी हे ऐकूनही चहाचा दुसरा कप मागितला, त्यांच्याशी माझं लग्न झालं.

आता निवृत्त होऊन नांदेडला मुलाकडे राहते. पण जिथे सगळी नोकरी झाली त्या उदगीरला गेले की मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, अजूनही कुणी ना कुणी हाक मारतंच, ‘ओ गटारमॅडम!’ मीही थांबते. माहेरच्या नावाने हाक मारल्यासारखं वाटतं.

संपादकांनी नोकरीतल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती लिहिण्याआधी थोडं काम समजावून सांगते, कारण माझ्या सगळ्या नोकरीत ते कुणी पूर्ण ऐकून घेतलं नाही. गटारी दोन तऱ्हेच्या. एक संडास-मोरीची, तिचं पाणी कुठे ना कुठे साफ करतात, निदान करायचं असतं. दुसरी पावसाच्या पाण्याची, रस्त्याच्या कडेने जाते ती. वर फरशा टाकलेल्या असतात, त्यांना आम्ही ढापे म्हणतो, आणि मधे मधे पाणी आत जायला लोखंडी जाळ्या. या दुसऱ्या गटारीच्या शेवटी काहीही नसतं. यंत्र नाही, चाळण नाही, माणूस नाही. जे आत गेलं ते जसंच्या तसं ओढ्याला, ओढ्यातून मांजरेला, मांजरेतून गोदावरीला. लोकांना मात्र पक्की खात्री असते की गावाबाहेर पालिकेचं एक भलंमोठं यंत्र आहे आणि ते गुटख्याच्या पुड्या एका बाजूला आणि पाणी एका बाजूला करत बसलेलं आहे.

या विषयाचं मला एकदा रीतसर प्रशिक्षणही मिळालं. समुद्रकाठच्या शहरात. तिथले साहेब पडद्यावर कासवं दाखवत होते. प्लॅस्टिक खाल्लेली कासवं, तेलात माखलेली कासवं. आमच्या बाजूचा एक निरीक्षक उठून म्हणाला, “साहेब, आमच्याकडं समुद्र न्हाई.” साहेब शांतपणे म्हणाले, “तुमच्याकडे समुद्र नाही, पण तुमची गटार समुद्राकडेच चालली आहे.” मला ते वाक्य इतकं आवडलं की परत आल्यावर मी ते उदगीरभर सांगत फिरले. त्यावर एका किराणा दुकानदाराने मला विचारलं, “मॅडम, मग आपलं पाणी समुद्राला पोचायला किती दिस लागतेत? तवर कुजून जाईल की सगळं.”

असं होतं सगळं. गाडी रस्त्यावर धुऊ नका म्हटलं तर ‘मग घरात धुवावं का?’ निर्माल्य गटारीत टाकू नका म्हटलं तर ‘देवाचं हाय, कचरा न्हाई’. गॅरेजवाल्याला जळकं ऑइल ओतू नको म्हटलं तर तो म्हणाला, “डास मरतेत मॅडम, तुमचंच काम करून राहिलो मी.” मी जात्याच तापट. दिवसभर भांडून घरी यायचे आणि उरलेलं नवऱ्याशी भांडायचे. दुसऱ्या कपाची किंमत त्यांनी आयुष्यभर मोजली.

आता मुख्य गोष्ट. मोंढ्यामागे एक अरुंद गल्ली आहे. तिच्या तोंडाशीच अप्पांचं घर आणि खाली भुसार मालाचं दुकान. अप्पा लिंगायत, वयस्कर, पांढरंशुभ्र धोतर, कपाळावर विभूती. माणूस इतका स्वच्छतेचा की त्यांच्या दुकानात हरभऱ्याच्या पोत्यावर बसायला भीती वाटावी. पहाटे स्वतः दार झाडायचे. सुनेला झाडू द्यायचे नाहीत, तिला कोपरे काढता येत नाहीत म्हणून. झाडलेला ढीग दारासमोरच्या जाळीपाशी आणायचे, आणि त्यासाठीच ठेवलेल्या एका वेताच्या काठीने तो सगळा टोचून टोचून जाळीतून आत ढकलायचे. आदल्या दिवशीचा पूजेचा बेलही त्यातच. मग मागे सरकून, कमरेवर हात ठेवून लख्ख दाराकडे बघायचे. त्यांचं दार गल्लीत सर्वांत स्वच्छ आणि त्यांच्या दारची गटार सर्वांत तुंबलेली. मी कितीदा सांगितलं असेल! अप्पा दरवेळी मला खुर्ची द्यायचे, गंगाव्वांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, चहा टाकायला सांगायचे, मान डोलवायचे, आणि दुसऱ्या दिवशी काठी घेऊन जाळीपाशी हजर.

ते दिवस पितृपंधरवड्याचे होते. आमच्याकडे घटस्थापनेच्या आधी ‘दसरा काढतात’. म्हणजे घरातली यच्चयावत वस्तू बाहेर काढून धुवायची. गोधड्या, सतरंज्या, डबे, पाट, पडदे. नवरा तेवढा धुवायचा राहतो. पूर्वी बायका नदीला किंवा ओढ्याला जायच्या, आता दारातच नळी लावतात. त्यामुळे आठवडाभर आख्ख्या गावाचा वर्षाचा मळ साबणाच्या फेसासकट एकदम गटारीत उतरतो. घरं आरशासारखी आणि गटारीला फेस, ही आमच्या खात्याची दिवाळी.

त्या सकाळी मुकादम करीमभाईंचा फोन आला. आमच्या सफाई कामगारांवरचे ते मुकादम, कधी घाई न करणारा माणूस. पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला होता. “म्याडम, जल्दी या. अप्पांचा देव गटारीत गेला.”

मी आधी समजले की निर्माल्याबरोबर एखादी तसबीर गेली असेल. जाऊन पाहिलं तर अप्पा जाळीपाशी जमिनीवर बसलेले. धोतराची पर्वा नाही. हात गळ्यापाशी, आणि गळ्यात काही नाही.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. लिंगायत माणूस गुरूकडून घेतलेलं इष्टलिंग आयुष्यभर गळ्यात बाळगतो. अप्पांचं चांदीच्या लहान डबीत, दोऱ्यात ओवलेलं होतं. रोज ते तळहातावर घेऊन पूजा करायची, त्याशिवाय अन्न नाही. अप्पा तर पूजेआधी पाण्याचा घोटही घेत नसत. दसरा काढायचा म्हणून त्या दिवशी घरातला कचरा जास्त होता. अप्पा नेहमीपेक्षा जास्त वाकले, काठी नेहमीपेक्षा जोरात मारली, जुना दोरा तुटला आणि डबी जाळीतून आत.

अप्पांना शुगर होती. गोळी अन्नाबरोबर घ्यायची, आणि अन्न पूजेबरोबर. गंगाव्वा दारात उभ्या राहून रडत होत्या आणि रडता रडता रागावत होत्या. “सांगत हुते, दोरा बदला, दोरा बदला. दारचा कोपरा दिसतोय ह्यांना, गळ्यातला दोरा दिसत न्हाई.” त्यांनीही पाणी तोंडात घेतलं नव्हतं. कुणीतरी सुचवलं की मठातल्या महाराजांना बोलवा, ते नवीन देतील, तशी रीत आहे. अप्पांनी मान वर केली.

“पोरगं हरवलं तर लगेच दुसरं आणतेत काय? आदी हुडकतेत.”

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “अक्का, हुडका.” एरवी मी मॅडम. त्या दिवशी अक्का झाले. खरं सांगते, येताना मी मनातल्या मनात टोमणे जुळवत आले होते. इतक्या वर्षांचं उट्टं निघणार होतं. ते सगळे तिथेच विरले. त्यांचे ओठ सुकले होते आणि मला त्यांच्या जिवाची भीती वाटली.

वर आभाळ भरून आलेलं. परतीचा पाऊस आमच्याकडे आला की तासाभरात नाले फोडून जातो. तो आला असता तर डबी ओढ्यात, आणि ओढ्यातून कुठे गेली असती हे मीच गावाला सांगत फिरत होते.

पहिलं काम, गल्लीतलं धुणं बंद करणं. कारण घराघरांतून साबणाचं पाणी सारखं येत होतं. हे काम ढापे उचलण्यापेक्षा अवघड निघालं. मधल्या घरच्या मंगलबाई भिजलेली गोधडी घेऊन उभ्या राहिल्या. “मॅडम, अर्धी गोधडी धुतली, अर्धी ऱ्हायली. आता मी काय करू? ह्या अर्ध्या गोधडीवर देवी बसवू?” त्यांच्या सासूबाईंनी मात्र आतून ओरडून सांगितलं, “नळ बंद कर गं! म्हातारा उपाशी हाय.” मंगलबाईंनी नळ बंद केला आणि मग स्वतःच घरोघर जाऊन इतरांचे करवले. नंतर कळलं की दोन घरांत त्यांनी न विचारता आत शिरून तोट्या फिरवल्या.

करीमभाईंच्या माणसांनी पहारी लावून पहिला ढापा उचलला. आत कुणी उतरायचं नाही हा माझा नियम. लांब दांड्याच्या खोऱ्यांनी गाळ वर ओढायचा. वर आला की प्रश्न पडला, यात शोधायचं कसं? आणि त्याहून मोठा प्रश्न, हात कुणी लावायचा? दुसऱ्याने आपल्या देवाला शिवलेलं अप्पांना चालणार नव्हतं. आणि ते बोलून दाखवायला त्यांना संकोच वाटत होता. करीमभाईंनीच तो प्रश्न सोडवला. “अप्पा, आमी निसतं काढून देतो. हात तुमीच लावा. तुमचा देव, तुमचा हात.”

अप्पा उठले, दुकानात गेले आणि हरभरा चाळायची मोठी लोखंडी चाळणी घेऊन आले. दोन हमालांनी ती दोन्हीकडून धरली. अप्पांनी धोतर वर खोचलं, बाह्या सारल्या आणि म्हणाले, “टाका.”

मोंढ्यात आयुष्य काढलेला माणूस गटारीचा गाळ चाळत होता, आणि तोही हात फिरवत, खडा वेगळा करावा तसा. मंगलबाईंनी बादलीने बेताचं पाणी सोडायला घेतलं. सगळी गल्ली चाळणीभोवती गोळा झाली आणि मग जो काही तमाशा सुरू झाला, तो मी कधी विसरणार नाही.

कारण चाळणीवर एकेक वस्तू धुऊन निघायला लागली आणि ओळखू यायला लागली. दुधाच्या पिशव्या कुणाच्याही असतात. पण एका घरी आलेली लग्नपत्रिका त्यावरच्या नावासकट निघाली. गुरुजी म्हणून गल्ली ज्यांना मान देते, त्यांच्या घरून गुटख्याच्या पुड्या निघतात हे त्या दिवशी त्यांच्या बायकोला कळलं, कारण पुड्या त्यांच्याच दारच्या जाळीखाली गुच्छाने निघाल्या. गुरुजी म्हणाले, “वरून वाहत आल्या असतील.” वर फक्त अप्पांचं घर होतं. अप्पांनी चाळता चाळता त्यांच्याकडे एकदाच बघितलं.

सगळ्या मालावर काळा चकाकता थर होता. अप्पांनी बोटं चोळून पाहिली. “तुरीला लावतेत तसं तेल लागलंय की सगळ्याला.” मंगलबाईंचे यजमान रमेश, ज्यांचं गॅरेज होतं, आणि ज्यांनी मला डास मरतात म्हणून सांगितलं होतं, ते मागच्या मागे सटकायला निघाले. मंगलबाईंनी त्यांच्या हातात खोरं दिलं.

दुसऱ्या ढाप्याखाली कवळी निघाली. दातांची, वरची. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. तेवढ्यात मंगलबाई किंचाळल्या, “अत्याबाई! भाईर या! मी लपिवली म्हनत हुताव न्हाई का?” सासूबाई काठी टेकत आल्या, कवळी निरखून पाहिली आणि म्हणाल्या, “माझीच हाय. चूळ भरताना पडली असंल.” एवढं म्हणून त्यांनी ती पदरात बांधली. “उकळून घेते,” म्हणाल्या. सुनेवर घेतलेल्या आळाबद्दल एक अक्षर नाही. अप्पासुद्धा हसले. कोरड्या ओठांनी, पण हसले.

हसू फार टिकलं नाही. दुसरा ढापा संपला तरी डबी नाही. थेंब पडायला लागले. गंगाव्वा मागे उभ्या राहून अप्पांच्या पाठीला हात लावून होत्या. मी म्हटलं, “अप्पा, घोटभर पाणी तरी घ्या.” ते म्हणाले, “त्याला पाजल्याबिगर?” आणि पुढचं खोरं मागितलं.

तिसरा ढापा मंगलबाईंच्या उंबऱ्यासमोरचा. तो उचलल्यावर आत पाणी दिसेना, कारण गटार तिथे ठार बुजली होती. गोधड्यांच्या चिंध्या, प्लॅस्टिक, केसांचे गुंते, आणि त्या सगळ्यावर जाड थर बेलाच्या पानांचा. दर पावसाळ्यात याच घरात पाणी का शिरतं म्हणून मंगलबाई माझ्या नावाने अर्ज करायच्या, त्याचं उत्तर समोर होतं. करीमभाईंनी तो गठ्ठा तुटू न देता अलगद वर ओढला आणि चाळणीवर ठेवला. अप्पांनी पानं बाजूला सारायला सुरुवात केली. रोज सकाळी त्यांनीच ढकललेला बेल. सडका, काळा, पण पानं ओळखू येत होती. चार पानं सारली आणि त्यांच्यात अडकलेली चांदी चमकली.

अप्पांनी डबी दोन्ही हातांत धरली, कपाळाला लावली आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. गंगाव्वा म्हणाल्या, “आता घरात चला की, सगळं गाव बघलालंय.” त्याही रडत होत्या. मीही रडले, सांगायला लाज कसली. करीमभाई तोंड फिरवून उगीच खोरं धूत राहिले.

डबीचं झाकण घट्ट होतं, आतला देव कोरडाच होता. अप्पांची अंघोळ, पूजा, गोळी, जेवण सगळं पार पडलं आणि बाहेर पाऊस धो धो कोसळला. मोकळ्या गटारीतून पाणी खळाळत गेलं. मंगलबाईंच्या उंबऱ्याला थेंब लागला नाही. मी त्यांच्या ओट्यावर उभी राहून ते पाणी बघत होते. आता ही गल्ली सुधारली, मला वाटलं. इतक्या वर्षांच्या भाषणांचं फळ.

तेवढ्यात रमेश खोरं खाली ठेवत म्हणाले, “एक म्हनू का मॅडम? कचरा हुता म्हून देव घावला. तुमचं ऐकून आमी गटार साफ ठिवली असती, तर आज देव मांजरेत असता.”

गल्लीत सगळ्यांच्या माना डोलायला लागल्या. मी तोंड उघडलं. माझ्यासारखी भांडकुदळ बाई, आणि तोंड उघडं ठेवून उभी.

ते वाक्य दुसऱ्या दिवशी मोंढ्यात पोचलं आणि आठवड्यात सगळ्या गावात. कुठेही जाळीपाशी कुणाला अडवलं की उत्तर तयार: ‘कचऱ्यानं देव वाचवला, म्हाईत न्हाई का मॅडम?’ आमच्या कार्यालयातले बडे बाबू मला बघून म्हणायचे, “काय मॅडम, कासवं काय म्हणतात?” त्यावर कळस म्हणजे अप्पांच्या दारची जाळी जागृत आहे अशी वंदता उठली. कुणी हळदकुंकू वाहू लागलं, कुणी फुलं. एकाने नारळ फोडला आणि करवंटी आत टाकली. कचरा टाकायचे ते बंद झाले आणि भाविक सुरू झाले! शेवटी अप्पाच तीच वेताची काठी घेऊन जाळीपाशी खुर्ची टाकून बसायला लागले. “देव माझ्या गळ्यात हाय. गटारीत काय हाय बगायचं असंल तर चाळणी आणून देतो,” असं म्हणून एकेकाला पिटाळायचे.

मला मात्र रमेशच्या त्या वाक्याचं उत्तर सापडेना. रात्री अंथरुणावर पडून मी नवऱ्याला विचारायचे. ते म्हणायचे, “बरोबरच आहे त्यांचं,” आणि कूस बदलायचे.

निवृत्त झाले आणि नांदेडला निघायच्या आधी अप्पांकडे निरोप घ्यायला गेले. सकाळीच गेले. अप्पा दार झाडत होते. थकले होते, पण कोपरे तसेच काढत होते. ढीग जाळीपाशी आणला नाही. गंगाव्वांचं जुनं सूप खाली धरून त्यात भरला, आणि कडेच्या डब्यात ओतला. वाकताना डावा हात छातीवरच्या डबीवर घट्ट. नवा दोरा चांगला जाड होता. पलीकडे आपल्या दारात मंगलबाईही सूप घेऊन झाडत होत्या, आणि वाकताना त्यांचाही हात मंगळसूत्रावर होता. मी म्हटलं, “मंगलबाई, शेवटी माझं पटलं म्हणा की.” त्या म्हणाल्या, “पटायचं काय त्यात? जाळीपशी वाकलं की भ्या वाटतंय.”

नदीसाठी नाही आणि समुद्रासाठी तर नाहीच. मी जरा खट्टू होऊन अप्पांच्या खुर्चीवर बसले. चहा आला. मनातली सल शेवटी बोलून टाकली. म्हटलं, “अप्पा, सगळ्या गावाला उत्तरं दिली, पण एवढं एक राहिलं. कचरा होता म्हणून देव सापडला, या बोलण्याला काय म्हणायचं हो?”

अप्पांनी सूप भिंतीला टेकवून ठेवलं. मग डबीवरचा हात न काढता म्हणाले,

“अक्का, जाळीत ढकलायला कचराच नसता, तर मी वाकलो कशाला असतो?”